अल्कलिनिटी शनिवारी रात्री मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ३०० लिटरचा रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी, १४ महिने झालेला. झोअँथिड, मशरूम, हॅमर ही सोशिक कोरलं मजेत आहेत. अक्रोपोरा या फांद्यांच्या दगडी कोरलाचे तीन फ्रॅग, म्हणजे लावायला कापलेले तुकडे, आणले. त्यातले दोन बुंध्याकडून पांढरे होत संपले, तिसरा अर्धा उरलाय आणि त्याची टोकं जळाल्यासारखी दिसतात. गोनिओपोरा, हेही कोरलच, तीन महिने छान फुलला, मग दिवसेंदिवस आखडत गेला. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट-कार्बोनेट, ११ डीकेएच (हे तिचं एकक), कॅल्शियम ४३०, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. अल्कलिनिटी वाढवणारा बफर दर रविवारी हाताने टाकता. आणि विचारताय, लाइट वाढवू का?

लाइटला हात लावू नका. का, ते पुढे येईलच.

आधी तिसऱ्या फ्रॅगचं बघू, कारण त्याच्याकडे वेळ नाही. जिवंत कातडी जिथे संपते आणि पांढरा सांगाडा सुरू होतो, त्या रेषेपासून किमान एक सेंटिमीटर वर, चांगल्या भागातच कापा. रेषेवर कापलंत तर मरणं थांबत नाही, तेच पुढे सरकतं. कापलेला तुकडा सुपरग्लू जेलने नव्या, कोऱ्या प्लगवर (फ्रॅगच्या छोट्या बैठकीवर) बसवा आणि मध्यम उजेडात, चांगल्या प्रवाहात ठेवा. खालचा पांढरा बुंधा आणि जुना प्लग टँकमध्ये परत टाकू नका, पण फेकूही नका. त्याचं काम आहे.

आता मूळ आजार. तुम्ही दिलेले आकडे वाचून बहुतेक जण म्हणतील, पाणी तर झकास आहे. मला त्यात दोन गोष्टी खटकल्या: दोन शून्यं आणि एक रविवार.

रविवारपासून सुरुवात करतो. तुम्ही मोजता कधी? माझा अंदाज, रविवारीच, बफर टाकून तासाभराने. म्हणून दर वेळी ११ दिसतं आणि अल्कलिनिटी स्थिर आहे असं वाटतं. आता एकदा शनिवारी रात्री मोजा. तुमच्या टँकमध्ये हॅमर वाढतोय, काचेवर आणि दगडांवर जांभळी कोरलाइन शेवाळं असणार. एवढ्यावर रोज ०.४ डीकेएच सहज खर्च होते. सात दिवसांचे झाले २.८. म्हणजे शनिवारी रात्री तुमचं पाणी ८.२ वर असतं आणि रविवारी दुपारी तासाभरात ११ वर उडी मारतं. अक्रोपोराला आठही चालतं, साडेनऊही चालतं. त्याला ही उडी चालत नाही. दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही, हा मी पाळतो तो नियम. तुमच्याकडे त्याच्या पाच-सहा पट फरक एका तासात पडतोय, तोही दर आठवड्याला. झोअँथिड आणि मशरूमना सांगाडाच बांधायचा नसतो, त्यांना काही कळत नाही. हॅमर दणकट, तो चालवून घेतो.

मग कॅल्शियम कसं काय जागचं हलत नाही? हे समजून घ्या, म्हणजे निम्मं रीफ रसायन हातात येईल. कोरल सांगाडा बांधतं तो कॅल्शियम कार्बोनेटचा, त्यामुळे दोन्ही ठरलेल्या प्रमाणात खर्च होतात: १ डीकेएच गेली की सुमारे ७ पीपीएम (दहा लाखांत ७ भाग) कॅल्शियम गेलं. तुमच्या आठवड्याच्या २.८ डीकेएचमागे गेलं साधारण २० पीपीएम. ४३० मधून २० गेले तर टेस्ट किटला धड दिसतही नाही, त्याची स्वतःची चूकच तेवढी असते. पण ११ मधून २.८ जाणं म्हणजे चौथा हिस्सा गेला. कॅल्शियमचं खातं मोठं आहे, अल्कलिनिटीचं छोटं. म्हणून कोरल काय खर्च करतंय ते पाहायचं तर पासबुक अल्कलिनिटीचं बघायचं. कॅल्शियम महिन्यातून दोनदा पुरे, मॅग्नेशियम एकदा, १२५० ते १३५० मध्ये असलं की झालं.

तेव्हा या रविवारी बफर टाकू नका. रोज ठरलेल्या वेळी, समजा रात्री नऊला, मोजा आणि लिहून ठेवा. वही ठेवा, डोक्यात ठेवू नका. मोजताना एक काळजी घ्या: किटचं द्रावण ओढलेल्या सिरिंजमध्ये दट्ट्याखाली हवेचा बुडबुडा राहतो, त्याला हात लावू नका. वाचन काळ्या दट्ट्याच्या कडेवरून घ्यायचं, द्रवाच्या पातळीवरून नाही. आणि द्रावण थेंब-थेंब सोडताना पाण्याचा रंग पालटायला लागला की थांबायचं नाही, पूर्ण पालटून टिकला की थांबायचं. ही जागा चुकली तर पाऊण डीकेएचचा फरक पडतो आणि मग आपण टँकशी नाही, किटशी भांडत बसतो. किटही मध्येच बदलू नका. दोन किट दोन वेगळे आकडे सांगणारच. आपल्याला खरा आकडा नंतर, आधी घसरण किती ते हवंय.

आकडा खाली येत साडेआठवर आला की तिथे धरायचा. किती टाकायचं? साधा हिशेब आहे: १०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएच वाढवायला सुमारे ३ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट लागतं. तुमचा टँक ३०० लिटरचा म्हणता, पण दगड आणि वाळू वजा जाता त्यात खरं पाणी २५० च्या आसपास असेल. रोजचा खर्च ०.४ निघाला तर रोज ३ ग्रॅम. आरओ-डीआय पाण्यात (गाळून क्षार काढलेल्या शुद्ध पाण्यात) विरघळवून, प्रवाह जोरात असेल तिथे, जमल्यास दोन-तीन हप्त्यांत. डोसिंग पंप घेतलात तर उत्तमच, तो दिवसभरात चोवीस वेळा थेंब-थेंब सोडतो. पण पंप नाही म्हणून अडत नाही. रोज दात घासता तसं रोज टाका. कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण लागलं तर वेगळ्या वेळी, कारण दोन्ही एकदम पडले की टँकमध्ये दुधासारखा पांढरा ढग उठतो आणि टाकलेलं सगळं वाळू होऊन खाली बसतं.

पाणी बदलताना एक फसगत होते. बाजारातली कित्येक रीफ सॉल्ट ११-१२ डीकेएचला मिसळतात. टँक साडेआठवर आणि नवं पाणी ११.५ वर असेल तर २० टक्के बदलात ०.६ ची उडी आलीच. १० टक्के बदला, आठवड्याला.

आता ती दोन शून्यं, नायट्रेट आणि फॉस्फेटची.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी आम्ही सगळे शून्याच्या मागे लागलो होतो. मोठ्ठा स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र), फॉस्फेट शोषणारे दाणे, कार्बन डोसिंग (जिवाणू वाढवून पोषकद्रव्यं उतरवणं), माशांना चिमूटभर खाणं. कारण पुस्तकात लिहिलेलं असायचं की प्रवाळ पोषकद्रव्यं नसलेल्या पाण्यात राहतं. ते खरं आहे, पण अर्धंच. खडकावरून दिवसरात्र समुद्र वाहत असतो. पोषकद्रव्यं विरळ असली तरी पुरवठा अखंड असतो, शिवाय प्लवक येतं, माशांची विष्ठा पडते. आपल्या काचेच्या डब्यात शून्य म्हणजे खरोखरच शून्य, मागून काही येत नाही. कोरलाच्या अंगातलं शेवाळं त्याला बहुतेक ऊर्जा देतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते शेवाळं नुसती साखर बनवतं. साखरेतून कातडी होत नाही, त्याला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. तो नसला की फ्रॅग आधी फिकट होतो, आपण म्हणतो वा काय पेस्टल रंग आलाय, आणि दोन महिन्यांनी तो मरतो.

यातही फॉस्फेटचा उपास जास्त वाईट. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या प्रवाळ प्रयोगशाळेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या कामात हेच दिसलं होतं: नायट्रोजन आहे पण फॉस्फेट तुटपुंजं, अशा अवस्थेत कोरल उजेड आणि उष्णता सोसू शकत नाही, ब्लीच होतं, म्हणजे अंगातलं शेवाळं गमावून पांढरं पडतं. म्हणून म्हटलं, लाइट वाढवू नका. उपाशी बैलाला चाबूक मारल्यासारखं होईल ते.

आणि शून्य पोषणाच्या जोडीला ११ अल्कलिनिटी, हे आणखी वाईट. चढ्या अल्कलिनिटीत सांगाडा पुढे धावतो, कातडीला तेवढ्या वेगाने वाढायला सामान मिळत नाही, आणि टोकाला उघडा सांगाडा राहतो. तुम्हाला दिसलेली जळकी टोकं ती. हे समीकरण कुणी प्रयोगशाळेत सिद्ध केलंय म्हणून सांगत नाही, पण टँकमागून टँक तेच पाहिलंय. पोषण कमी ठेवायचं असेल तर अल्कलिनिटी सात-आठवर ठेवा, समुद्रात ती सातच्या आसपासच असते. ११ ठेवायचीच असेल तर पाण्यात पोषण भरपूर हवं. मला तरी साडेआठ, नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ हे सगळ्यांत बिनघोर वाटतं.

शून्यावरून वर कसं यायचं? फॉस्फेट शोषणारे दाणे आज काढून टाका. माशांना दुप्पट खायला घाला, पण दोन-तीन वेळा विभागून. स्किमर रात्री बंद ठेवायचा मोह होईल, तो चालू राहू द्या, कप फक्त कोरडा फेस घेईल इतका वर करा. स्किमर हवाही खेळवतो, तो बंद केला की रात्री पीएच आणखी पडतो. फॉस्फेट पहिले काही आठवडे वर येणारच नाही, कारण दगड आणि वाळू ते शोषून घेतात. घाबरून ओतू नका. या काळात काचेवर थोडं हिरवं शेवाळं आलं तर आनंद माना. उलट वाळूवर तपकिरी, बुडबुडे अडकलेले, शेंबडासारखे चिकट धागे दिसले तर ते डायनोफ्लॅजेलेट असण्याची शक्यता मोठी. ते शून्याच्या टँकमध्येच माजतात. त्यातल्या काही जाती विषारी असतात, गोगलगायी मरायला लागतात. तेव्हाही उपाय हाच, पोषण वाढवणं. साफसफाई वाढवलीत तर ते आणखी पसरतील.

एक उपप्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मी विचारतो: खारटपणा कशाने मोजता? मी स्वतः आठ महिने रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य लावून वापरत होतो आणि ३५ वाचून खूश होतो. एकदा ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग) प्रमाणित द्रावणाचा थेंब टाकला, तर त्याने ३९ दाखवलं. म्हणजे इतके महिने माझा टँक ३१ वर होता. शून्यावर बरोबर असलेलं उपकरण ३५ वर बरोबर असेलच असं नाही. त्या द्रावणाची बाटली घ्या, महिन्यातून एक थेंब. खारटपणा हळूहळूच वर न्या, दिवसाला एकपेक्षा जास्त नाही. आणि उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या आरओ-डीआय पाण्याने, खाऱ्याने नाही, हे तुम्हाला माहीत असेलच.

आता जपून ठेवलेला बुंधा. बुंध्याकडून पांढरं होत जाणं अल्कलिनिटीच्या उड्यांनीही होतं, पण आणखी एक संशयित आहे: अक्रोपोरा खाणारा चपटा किडा. तो अंगानेच पारदर्शक, आणि खातो त्याच फ्रॅगच्या रंगाचा दिसतो, त्यामुळे डोळ्यासमोर असून दिसत नाही. त्याच्या दोन खुणा. जिवंत भागावर गोल, फिकट, मिलिमीटरभराचे चावे, आणि उघड्या सांगाड्यावर कातडीच्या कडेलगत सोनेरी-तपकिरी अंड्यांचे पुंजके. भिंग आणि मोबाइलचा टॉर्च घ्या आणि तो बुंधा फिरवून-फिरवून बघा, विशेषतः सावलीची बाजू. तुमचा जिवंत तुकडा एका पांढऱ्या भांड्यात धरून पिपेटने जोरात पाणी मारा. काही उडून तळाशी वळवळलं तर समजा.

हा किडा माझ्याकडे एका मित्राच्या सुंदर कॉलनीतून आला. मी तिला आयोडीनमध्ये बुडवलं, दोन किडे पडले, ते काढून टाकले आणि काम झालं असं समजलो. असं बुडवणं, म्हणजे डिप, किड्यांना पाडतं, अंड्यांना काही करत नाही. टँकच्या उबेत दोन-तीन आठवड्यांत ती फुटतात. चार महिन्यांत सात कॉलनी गेल्या आणि शेवटपर्यंत मी पाण्यालाच दोष देत होतो. तेव्हापासून माझ्याकडे येणारा प्रत्येक अक्रोपोरा आधी प्लगवरून कापला जातो, उघडा सांगाडा जमेल तेवढा छाटला जातो, आणि सहा आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत राहतो, दर आठवड्याला डिप. कंटाळवाणं आहे. पण हे केल्याशिवाय ‘पाळायला कठीण कोरल’ हे शब्द वापरू नयेत असं माझं मत. तुमच्याकडे अंडी सापडली तर टँकमध्ये दुसरा अक्रोपोरा नाही हे नशीबच समजा. हा तुकडा बाहेर काढून वेगळा ठेवलात की किडे टँकमध्ये उपाशी मरतील.

गोनिओपोराची गोष्ट वेगळी आहे. त्याला टोकं जळणं वगैरे होत नाही, तो भुकेने जातो. आणि तो सावकाश जातो म्हणून फसवतो. एके काळी याची ख्याती अशी होती की वर्षभरात मरणार म्हणजे मरणार, माझा पहिला अकरा महिने टिकला. नंतर लोकांनी त्याला बारीक खाणं द्यायला सुरुवात केली, पाणी फार स्वच्छ ठेवणं सोडलं, मँगनीज आणि लोह यांसारख्या सूक्ष्म घटकांकडे लक्ष दिलं, आणि टाकीत वाढवलेले फ्रॅग मिळू लागले. लाल आणि गुलाबी गोनिओपोरा हिरव्या लांब पॉलिपवाल्यापेक्षा (पॉलिप म्हणजे कोरलाचा फुलासारखा एकेक जीव) बरेच सोशिक असतात. तुमचा कोणता ते लिहिलं नाहीत. आणि पाकळ्या मोजून बघा: एका पॉलिपला २४ असतील तर गोनिओपोरा, १२ असतील तर तो अल्व्हिओपोरा. दोघांना एकच नाव लावून विकलं जातं.

खायला घालायची माझी पद्धत सांगतो. वेव्हमेकर आणि रिटर्न पंप बंद. चिमूटभर कोरल पावडर, २०० मायक्रॉनच्या आतली, टँकच्याच पाण्यात कालवून पाच मिनिटं भिजू द्यायची. कोरडी टाकली तर तरंगते. मग पिपेटने पॉलिपांच्या वर दोन बोटांवरून ढग सोडायचा, अंगावर फवारायचं नाही, नाहीतर तो मिटून बसतो. आता भिंगातून बघा. आधी काहीच होत नाही. मग एखादी पाकळी टोकाशी वळते, आत तोंडाकडे जाते, परत सरळ होते. मग शेजारची. दहा मिनिटांत सगळा गोळा अशा छोट्या-छोट्या हालचालींनी कुजबुजल्यासारखा दिसतो. वीस मिनिटांनी पंप सुरू. आठवड्यातून तीनदा. मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) किंवा मोठे तुकडे देऊ नका, ते त्याच्या तोंडात मावत नाहीत, वर कुजतात.

जागा म्हणाल तर खाली, ८० ते १५० पारच्या (PAR, शेवाळाला उपयोगी उजेडाचं माप) उजेडात. अक्रोपोराला २५० ते ३५० लागतो, दोघांना एका उंचीवर ठेवू नका. प्रवाह असा हवा की पॉलिप पिकावरून वारा गेल्यासारखे डोलतील, एकाच बाजूला झोपून राहता कामा नयेत. पॉलिप रोज किती लांब निघतात ते एकाच कोनातून, एकाच वेळी फोटो काढून बघा. आखडणं डोळ्याला आठवडेच्या आठवडे कळत नाही, फोटोत कळतं. आणि अंगावर तपकिरी जेलीसारखं काही दिसलं तर त्याच क्षणी पंप बंद, नळीने जेली ओढून बाहेर, आजारी भाग कापून टाका, बाकीचा आयोडीन डिपमध्ये. उद्यावर टाकलंत तर उद्या उरत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की गुलाबी कार्नेशन कोरल, म्हणजे डेंड्रोनेफ्थिया, आणू का. नका आणू. त्याच्या अंगात शेवाळं नसतं, उजेडावर त्याचं काही भागत नाही. १९९५ साली लाल समुद्रात झालेल्या अभ्यासात दिसलं की ते मुख्यतः वनस्पती-प्लवकावर जगतं, तेही सतत वाहत्या पाण्यातून गाळून. दिवसरात्र तेवढं प्लवक सोडायचं आणि तरी पाणी नासू द्यायचं नाही, हे घरच्या टाकीत जमलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शेवाळाविना जगणारंच हवं असेल तर सन कोरल आणा. त्याच्या प्रत्येक पॉलिपला आठवड्यातून दोन-तीनदा हाताने मायसिस भरवायची तयारी मात्र हवी. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. ते दमवतं, पण शक्य आहे.

पुढचा अक्रोपोरा कधी? तुमच्या वहीत सलग आठ आठवडे अल्कलिनिटी अर्ध्या डीकेएचच्या पट्ट्यात राहिली आणि दोन्ही शून्यं गेली, की आधी मॉन्टिपोरा डिजिटाटा किंवा बर्ड्‌सनेस्ट लावा. ती स्वस्तात सावध करतात. टोकं पांढरी-कोवळी, पॉलिप बाहेर, महिन्याकाठी फांदी लांबलेली दिसली की मग अक्रोपोरा, तोही टाकीत वाढलेला फ्रॅग, समुद्रातून तोडलेली कॉलनी नको. सगळी दगडी प्रवाळं साइटिस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, तेव्हा कुठून आलंय ते विचारा आणि आपल्याकडचा कायदा आधी बघा. शिवाय एलईडीखाली पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला तुकडा तुमच्या टँकमध्ये निम्मं काम आधीच करून आलेला असतो.

आणि सगळं जमलं की हिशेब पुन्हा बिघडेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. फांद्या वाढल्या की खर्च वाढतो. माझ्या टँकमध्ये सुरुवातीला रोज ३ ग्रॅम पुरत होतं, दोन वर्षांनी ११ लागायला लागलं, आणि मधल्या एका महिन्यात मी मोजायचं विसरलो तेव्हा अल्कलिनिटी ६ वर जाऊन बसली होती. तेव्हा रात्री नऊची मोजणी रोज नाही तरी आठवड्यातून दोनदा चालू ठेवा, आणि त्यातली एक शनिवारची.